अकरा देश आणि एक तळं

लग्न ठरलं की दोन घरांत पहिली कुरबुर कार्यालयावरून होते, दुसरी जेवणावरून आणि तिसरी मानपानावरून. आमच्या भाचीच्या बाबतीत या तिन्ही रीतसर झाल्या आणि रीतसर मिटल्या. चौथीची मात्र कोणी तयारी ठेवलेली नव्हती. साखरपुड्याचे पेढे संपायच्या आत मुलाने आणि मुलीने जाहीर केलं, की मधुचंद्राला युरोपात जायचं. हॉटेलात उतरायचं नाही. कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यायची, आपणच चालवायची, तिच्यातच रांधायचं आणि तिच्यातच झोपायचं.

सांगलीहून ताईचा फोन आला. "एवढं थाटात लग्न लावून द्यायचं आणि पोरीने ट्रकमध्ये राहायचं?"

मी श्टुटगार्टजवळ राहतो, त्यामुळे युरोप हा विषय आमच्या घराण्यात माझ्या नावावर आहे. पोर्तुगालमध्ये जास्त पाऊस झाला तरी ताई माझी चौकशी करते. शिवाय मी मुलीचा मामा. मराठी लग्नात मामाचं काम ठरलेलं असतं. भटजींनी हाक दिली, की मुलीला बोहल्यावर आणायचं आणि अंतरपाट दूर होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. या लग्नात ते काम बोहल्यापाशी संपणार नाही, मुलीला थेट व्हॅनपर्यंत पोचवावं लागणार, हे मी त्या फोनवरच ओळखलं.

पहिला आराखडा जावईबापूंकडून आला. (लग्न वैशाखात आहे, पण आमच्याकडे हे पद साखरपुड्यालाच बहाल होतं.) ते पुण्यात संगणकाच्या धंद्यात असल्यामुळे आराखडा एक्सेलमध्ये होता आणि प्रत्येक देशाला वेगळा रंग होता. अॅमस्टरडॅमपासून सुरुवात, मग ब्रसेल्स, पॅरिस, इंटरलाकेन, रोम, व्हेनिस, ल्युब्लियाना, झाग्रेब, बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग आणि शेवटी आम्ही. अकरा देश. रजा पंधरा दिवसांची. मी अंतरांची बेरीज केली, ती सव्वाचार हजार किलोमीटरांच्या पुढे गेली. श्रीनगरहून निघून कन्याकुमारी गाठली तरी वर काही शिल्लक उरेल, एवढी. भाचीने प्रत्येक देशापुढे 'काय खायचं', 'काय बघायचं' आणि 'फोटो कुठे' असे रकाने आखले होते. 'थांबायचं कधी' असा रकाना नव्हता.

मी काही बोललो नाही. लग्नाळू माणसांना नकाशा मोठा लागतो. शिवाय त्यांना मी काही देश गाळायला सांगितलं असतं, तर मामा जर्मनीत राहून जर्मन झाला, असा ठपका आला असता. तो अधूनमधून येतोच.

मग एक दिवस मी भाड्याच्या व्हॅन मिळतात त्या आवारात गेलो आणि व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना गाडी दाखवली. पलीकडे सांगली आणि पुणे अशी दोन्ही घरं एकाच वेळी हजर होती. गाडी सहा मीटर लांब आणि आरसे सोडले तर दोन मीटरहून जरा रुंद. बाहेरून सामानाची गाडी वाटेल अशीच. ताईचा ट्रक अगदीच चुकीचा नव्हता. पण दार सरकवून आत गेलं की माणसाने घराची किती कमी जागेत घडी घालून ठेवली आहे, हे पाहून कौतुक वाटतं. पुढच्या दोन्ही खुर्च्या गर्रकन मागे फिरतात आणि जेवणाच्या टेबलाला लागतात. म्हणजे आत्तापर्यंत गाडी हाकणारा माणूस रस्त्याकडे पाठ करतो आणि यजमान होतो. दोन शेगड्यांचा ओटा. ओट्याखाली फ्रिज. मागे आडवा पलंग, एकशे नव्वद बाय एकशे चाळीस सेंटिमीटर. तो आडवा असल्यामुळे आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचं झालं, तर बाहेरच्याला ओलांडूनच उतरावं लागतं. हे मी टेप लावून आणि प्रात्यक्षिक करून दाखवलं. विहीणबाईंनी त्या वेळी पंख्याकडे पाहिलं.

खरी शांतता पुढे झाली. "आणि ते?" ताईने विचारलं.

तेही आहे, म्हणून मी एक अरुंद दार उघडलं. आत मोरी आणि संडास एकत्र, इतके एकत्र की अंघोळ करताना बसायची सोय आपोआप झालेली. त्याखाली अठरा-वीस लिटरांची एक प्लास्टिकची टाकी असते. दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. मग गाडीच्या बाहेरून एक झडप उघडायची, टाकी ओढून काढायची, तिच्या चाकांवर ती ओढत कॅम्पिंगच्या एका ठरावीक कोपऱ्यात न्यायची, तिथल्या नाळीत रिकामी करायची, पाण्याने विसळायची, निळं औषध घालायचं आणि परत बसवायची.

"ओढत? सगळ्यांच्या देखत?" ताई.

"सगळेच ओढत असतात. सकाळी रांग असते. एकमेकांना नमस्कार-चमत्कार करतात, हवा कशी आहे ते विचारतात."

"आणि हे करतं कोण?"

हा प्रश्न कुणाला उद्देशून होता हे न कळण्याइतकी दोन्ही घरं भोळी नव्हती. जावईबापू लगेच म्हणाले, "मी करीन." भाची म्हणाली, "आळीपाळीने." विहीणबाई काही म्हणाल्या नाहीत. पण मुलाला वाढवताना आपण त्याला कधी चहाची कपबशी विसळू दिली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. पत्रिका जुळवताना छत्तीस गुण पाहतात. त्या दिवशी मला वाटलं, या एका कामाचं उत्तर मिळालं की निम्मे गुण तरी हातचे धरायला हरकत नाही.

भावोजी आतापर्यंत गप्प होते. त्यांनी एकच सूचना केली आणि ती अत्यंत व्यवहारी होती. "परका मुलूख, उजव्या बाजूचा रस्ता, उजव्या हाताने गिअर. कशाला जोखीम? सरळ ड्रायव्हर घ्या."

"बाबा, मग ड्रायव्हर झोपणार कुठे?" भाचीने विचारलं.

भावोजींनी थोडा वेळ विचार केला आणि मग त्यांना एकदम पाणी प्यावंसं वाटलं.

परवान्याचं काम त्यामानाने सोपं. आपल्या आरटीओकडे नमुना ४-अ भरला, की आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, वर्षभर चालतो. साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन मोटारीच्या परवान्यावर हाकता येते. अवघड आहे ते सवयीचं. जर्मनीत ज्या चौकात कोणतीच पाटी नसते, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, गल्ली कितीही बोळकांडी असली तरी. आपल्याकडे पहिला हक्क मोठ्या गाडीचा, दुसरा मोठ्या हॉर्नचा. जावईबापू सध्या पुण्यात हा नियम मनातल्या मनात पाळायचा सराव करतात. मागच्या गाड्यांना तो पटलेला नाही असं कळतं.

मग व्हिसा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं छोटंसं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला, की आपसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. आज त्यात २९ देश आहेत. तिथे बहुतेक ठिकाणी सीमा कुठे लागली आणि कुठे संपली हे कळायला पाटीवरची भाषा बघावी लागते. मुंबईत मात्र त्याच गावाच्या नावाने माणसं कागदांची चळत छातीशी धरून उभी असतात. बँकेचे उतारे, आयकराचे कागद, रजेचं पत्र, तीस हजार युरोंचा विमा आणि नव्वद युरो शुल्क. नियम असा, की ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा; रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल त्या देशाकडे. अकरा देशांत पंधरा रात्री वाटल्यावर कोणाच्याच वाट्याला दोनांपेक्षा जास्त येईनात. अर्ज कोणाकडे करायचा यावर एक रविवार गेला.

त्याहून मोठी पंचाईत पुढच्या कागदाची. प्रत्येक रात्रीचा मुक्काम तारीखवार लिहायचा आणि त्याची नोंदणी जोडायची. घर बरोबर घेऊन हिंडणाऱ्या माणसाला रोज रात्रीचा पत्ता विचारतात. व्हॅनच्या जाहिरातीत म्हटलेलं असतं, वाट फुटेल तिकडे जा. व्हिसाच्या अर्जात विचारलेलं असतं, वाट नेमकी कुठे फुटणार ते आधी कळवा. भाची यावर बरीच चिडली. तिचं सगळं स्वप्न एका छायाचित्रावर उभं होतं. समुद्राकाठचा एकाकी कडा, त्यावर व्हॅन, मागची दारं सताड उघडी, आत पांढरी चादर आणि चादरीतून बाहेर आलेले दोन जोडी पाय. मी तिला विचारलं, हा कडा कुठला? ती म्हणाली, बहुतेक क्रोएशिया.

क्रोएशियात कॅम्पिंगच्या जागा सोडून बाहेर असं राहायला बंदी आहे आणि दंड होतो. ते पाय दंड भरलेले असणार किंवा भरणार असणार. जर्मनीत याबाबत एक फार सूक्ष्म विचार आहे. गाडी हाकणारा थकला, तर पुन्हा नीट हाकण्याइतका ताजातवाना होण्यासाठी त्याला रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये एक रात्र गाडीत झोपता येतं. मात्र त्याने बाहेर खुर्ची मांडली, की ते कॅम्पिंग झालं. आत घोरलात तर विश्रांती, बाहेर चहा प्यायलात तर गुन्हा. आमचे जावईबापू सदाशिव पेठेतले. त्यांना हा नियम पहिल्या फटक्यात कळला आणि आवडला. जर्मनीतल्या बऱ्याच कॅम्पिंगांची फाटकं दुपारी एक ते तीन विश्रांतीसाठी बंद असतात, हे ऐकल्यावर तर त्यांना माहेरी आल्यासारखं झालं.

अशा रीतीने एकेक देश गळू लागला. व्हॅन जिथून घेतली तिथेच परत करायची, नाहीतर भाड्यावर आणखी भाडं. म्हणून अॅमस्टरडॅम सुटलं आणि त्याच्याबरोबर बेल्जियमही गेलं. फ्रान्सच्या काही मोठ्या शहरांत गाडीला धुराच्या प्रमाणानुसार रंगीत स्टिकर लागतो. शिवाय ही व्हॅन अडीच मीटरांहून उंच आणि तळघरातल्या पार्किंगचं छत दोन मीटरांच्या आसपास, म्हणून पॅरिस पुढे कधीतरी रेल्वेने करायचं ठरलं. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मधल्या भागात बाहेरच्या वाहनांना मज्जाव असतो. तिथे अडवायला माणूस नसतो, फक्त कॅमेरा असतो, आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी व्हॅनवाल्याच्या हातून फिरत येते. पहिल्या दिवाळसणाला जावयाला इटलीहून अशी भेट यावी, हे ताईला मंजूर नव्हतं. झेक प्रजासत्ताक, स्लोव्हेनिया आणि हंगेरी यांच्या महामार्गांना प्रत्येकाचा वेगळा पास. पण ते पासामुळे गेले असं म्हणता येणार नाही. त्यांच्या बाजूने बोलायला बैठकीत कोणी नव्हतं, एवढंच.

जावईबापूंनी शेवटपर्यंत लढवलं ते श्टेल्वियो. आल्प्समधला हा घाट २,७५७ मीटरांवर जातो आणि त्याच्या एका अंगाला ४८ वळणं आहेत, प्रत्येकावर आकडा लिहिलेला. ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या काळात, १८२५ साली तो पुरा झाला. गाडी चालवण्याची हौस असलेल्या माणसाला तिथे जावंसं वाटणारच. पण आमच्या भाचीला आंबा घाटात लिंबू हुंगावं लागतं. मधुचंद्रात नवऱ्याने वळणं मोजावीत आणि बायकोने पिशवी धरावी, हे चित्र जावईबापूंनी स्वतःच नाकारलं. आळीपाळीचा करार इथे लागू होण्यासारखा नव्हता.

स्वित्झर्लंड मात्र कोणाला हलवता येईना, कारण ते विहीणबाईंचं होतं. त्यांच्या पिढीने स्वित्झर्लंड थिएटरात पाहिलं. नायिका शिफॉनच्या साडीत बर्फावर गाते आणि तिला सर्दी होत नाही, तो देश. इंटरलाकेनने तर २०१६ साली यश चोप्रांचा पुतळाच उभारला. "तिथे न जाता युरोपला गेलो म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यादी उतरत असताना खाण्याची यादी चढत होती. ताईने भडंग, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, हळद आणि तुपाची बरणी अशी तयारी केली. युरोपीय संघात बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे, त्यामुळे तूप आणि पेढे बाद झाले. हापूसही बाद, फळांना रोग नसल्याचा दाखला लागतो. मात्र या नियमाला पाच फळांचा अपवाद आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. हे मी वाचून दाखवल्यावर ताई पहिल्यांदा खूश झाली. "म्हणजे ओटीचा नारळ चालतो!" ब्रसेल्समध्ये कोणी बसून हा नियम केला असेल त्याला कल्पना नसेल, पण त्याने सांगलीतल्या एका आईची मोठी अडचण दूर केली आहे.

इंडक्शनची शेगडी न्यायचा बेतही असाच उतरला. कॅम्पिंगमध्ये गाडीला वीज मिळते, पण काही ठिकाणी सहा अॅम्पियरच. म्हणजे चौदाशे वॉटच्याही आत. दोन हजारांची शेगडी लावली की खटकन फ्यूज जातो. तो ज्या पेटीत असतो ती पेटी कुलूपबंद असू शकते आणि किल्ली ज्याच्याकडे तो तीन वाजेपर्यंत विश्रांती घेत असतो. म्हणून गॅस आणि कुकर. कुकरची शिट्टी ही मी मुद्दाम चर्चेला घेतली. शेजारच्या व्हॅनमधले लोक पहिल्या शिट्टीला दचकतील, दुसरीला बाहेर येतील आणि तिसरीला, वरणाचा वास आल्यावर, रेसिपी विचारतील. माझा हा अनुभव आहे.

एवढं सगळं गळाल्यावर मुलं जरा खट्टू झाली. भाची म्हणाली, "मामा, मग राहिलं काय? एवढ्यासाठी कशाला यायचं?"

तेव्हा मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक आमच्या भागातली. इथून दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी इस्नी नावाचं गाव आहे. तिथे आरिस्ट डेथलेफ्स नावाचा कारखानदार होता. चाबूक आणि बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या काठ्या हा त्याचा माल. तो विकायला त्याला सारखं फिरतीवर राहावं लागे. त्याची जोडीदार फ्रिडेल एडलमान चित्रकार होती. तिने त्याच्याकडे हट्ट धरला, की भटक्या लोकांच्या असतात तशी एखादी गाडी करावी, म्हणजे दोघांना बरोबर जाता येईल आणि तिला चित्रंही काढता येतील. त्याने १९३१ साली मोटारीमागे जोडायचं एक चाकांवरचं घर स्वतः बांधलं. जर्मनीतलं या प्रकारचं ते पहिलं मानतात. ते पाहून लोकांनी तसंच आम्हालाही करून दे म्हणून मागणी केली, चाबकांचा धंदा मागे पडला आणि इस्नीत आजही त्या नावाने अशी घरं बनतात. म्हणजे या सगळ्या प्रकाराचा उगम लांब जाण्याच्या हौसेत नाही. नवरा लांब जातोच आहे, तर आपण मागे का राहायचं, या साध्या प्रश्नात आहे.

दुसरी गोष्ट हुलिओ कोर्तासार या अर्जेंटिनी लेखकाची. तो पॅरिसमध्ये राहत असे. १९८२ च्या मे महिन्यात तो आणि त्याची बायको कॅरल डनलॉप एका लाल फोक्सवागन व्हॅनमधून पॅरिसहून मार्सेयला निघाले. रस्ता महामार्गाचा, जेमतेम आठशे किलोमीटर, एका दिवसाचं काम. यांनी स्वतःला नियम घालून घेतला, की महामार्ग सोडायचा नाही, दर दिवशी विश्रांतीच्या फक्त दोन जागा पुढे सरकायचं आणि दुसऱ्या जागी मुक्काम करायचा. प्रवासाला महिन्यावर दिवस लागले. मोठ्या शोधयात्रेवर निघाल्यासारख्या त्यांनी नोंदी ठेवल्या. कोणत्या पार्किंगला सावली आहे, कुठे कोणते किडे आहेत, आज जेवायला काय होतं. पॅरिस ते मार्सेय ही वाट लाखो लोकांनी तुडवलेली, पण तिच्यावरची ही ठिकाणं कोणी पाहिलेलीच नव्हती, कारण तिथे कोणी हातपाय ताणण्यापलीकडे थांबत नाही. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता, ती ३६ची, आणि दोघांचीही प्रकृती बरी नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गेली. दोघांनी मिळून लिहायला घेतलेलं पुस्तक त्याने पुरं केलं, ते १९८३ साली निघालं आणि १९८४च्या फेब्रुवारीत तोही गेला.

मधुचंद्राच्या बैठकीत अशी गोष्ट सांगावी की नाही, हा प्रश्नच होता. ताईने लगेच "शुभ बोल रे" म्हणून मला दटावलंही. पण जावईबापूंनी विचारलं, "म्हणजे दिवसाला किती किलोमीटर पडले?" मी म्हटलं, सरासरी पंचवीसच्या आसपास. त्यांनी तो आकडा लिहून घेतला. एक्सेलच्या माणसाला धडा सुद्धा आकड्यातच कळतो.

पुढच्या रविवारी नवा आराखडा आला. त्यात एकच तळं होतं.

बोडेनझे हे तळं आमच्यापासून दीड-दोनशे किलोमीटरांवर. त्याचा किनारा २७३ किलोमीटरांचा आणि त्या काठावर तीन देश: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड. बैठकीतून वाचलेले नेमके तेवढेच. भाचीने सगळं नीट बसवलं होतं. आधी फ्रीड्रिखसहाफेन, जिथल्या पाण्यावरून १९०० साली काउंट झेपेलिनचं पहिलं हवाई जहाज उडालं. मग लिंडाऊ, बेटावरचं गाव, बंदराच्या तोंडाशी एका बाजूला दीपस्तंभ आणि दुसऱ्या बाजूला दगडी सिंह. ऑस्ट्रियाच्या वाट्याला किनारा अवघा २८ किलोमीटर, पण तिथल्या ब्रेगेन्त्सला पाण्यातल्या रंगमंचावर संगीत नाटकं होतात. स्विस काठावर सफरचंदांच्या बागा आणि मागे झेंटिस हा २,५०२ मीटरांचा डोंगर. जूनच्या सुरुवातीला त्याच्या माथ्यावर बर्फ सापडतो. विहीणबाईंना बर्फ दाखवला, की देश कबूल होता. परतताना कॉन्स्टान्स ते मेर्सबुर्ग गाडीसकट बोट पकडायची. ती रात्रंदिवस चालू असते. अर्जही आपोआप सुटला. सर्वांत जास्त रात्री जर्मनीत. फक्त मे-जूनच्या सुमारास आमच्याकडच्या शाळांना पंधरवड्याची सुट्टी असते आणि तळ्याकाठी तंबूची खुंटी ठोकायला जागा उरत नाही, म्हणून मी सगळी कॅम्पिंगं आत्ताच नोंदवून टाकली. व्हिसावाल्यांना तारीखवार पत्ते हवे होते, ते असे सुट्टीवाल्यांच्या कृपेने मिळाले.

या तळ्याची एक गंमत मी भाचीला सांगितली. त्याच्या मोठ्या भागात तिन्ही देशांची हद्द नेमकी कुठून जाते, हे आजपर्यंत कोणत्याही तहाने ठरलेलं नाही. स्वित्झर्लंडचं म्हणणं, हद्द मधोमध. ऑस्ट्रियाचं म्हणणं, खोल पाणी सगळ्यांचं सामाईक. जर्मनी, जिथे खुर्ची मांडायची हद्दसुद्धा ठरलेली आहे, तो देश या बाबतीत ठाम असं काहीच म्हणत नाही. तरी बोटी वेळेवर सुटतात, मासे धरले जातात, कोणी बुडत असेल तर ज्याची बोट जवळ तो धावतो. भाची म्हणाली, "मामा, हे तू आम्हाला उद्देशून सांगतो आहेस." मी म्हटलं, मी भूगोल सांगतो आहे. एकशे चाळीस सेंटिमीटरच्या पलंगाला तो कितपत लागू पडतो, ते तुम्ही बघा.

सध्या दोघांचं भांडण एका कोऱ्या दिवसावरून चालू आहे. पंधरातला एक दिवस काहीच न ठरवता ठेवायचा, असं भाचीचं म्हणणं. कोऱ्या दिवशी नेमकं काय करायचं, ते आधी ठरवून ठेवू, असं जावईबापूंचं. दोघांनी फोन करून स्वतंत्रपणे माझं मत विचारलं. मी मत दिलं नाही. मामाने पाठीशी उभं राहावं, मध्ये नाही.

आणि परवा ताईचा फोन आला. आधी हवापाणी झालं, मग केळवणाची माणसं झाली, मग ती सहज विचारावं तसं म्हणाली, "तो पलंग रुंदीला किती म्हणालास?"

ताई-भावोजींचा मधुचंद्र नरसोबाच्या वाडीला झाला. बरोबर सासूबाई होत्या, दोन नणंदा होत्या आणि एसटीत जागा मिळाली ती वेगवेगळ्या बाकांवर. मी पलंगाची रुंदी पुन्हा सांगितली. भाडं सांगितलं. सप्टेंबरात गर्दी ओसरते आणि दर उतरतात, तेही सांगितलं.

"टाकी ओढायचं काम ते करतील," ताई म्हणाली. "मी विचारून ठेवलंय."

मागून भावोजींचा आवाज आला, "पण ड्रायव्हरचं काय?"

"तो आहे की," ताईने परस्पर सांगून टाकलं.

तो म्हणजे मी. झोपायचं कुठे, हे मी विचारलं नाही. छप्पर वर उघडणाऱ्या व्हॅनही मिळतात आणि त्या वरच्या मजल्यावर दोघं मावतात. बायकोला मागे ठेवून मी जाणार नाही, एवढंच कळवलं आहे. तिने पायऱ्यांची उंची विचारली आहे.